एरंडोल ते पारोळा पायी: वणीच्या वाटेवरच्या एका दिवसाचा हिशेब

चैत्रात वणीला, सप्तशृंगीच्या गडावर पायी जायचं ठरलं की घरातून पहिला प्रश्न येतो, ‘पायीच तर जायचंय, पैसे कशाला लागतात?’ लागतात. चालणाऱ्याला फारसे लागत नाहीत. त्याच्या मागून येणाऱ्या गाडीला लागतात, गडावरून परत येताना लागतात, आणि पायांची हेळसांड केली तर डॉक्टरकडे लागतात. पदयात्रा नेणाऱ्या मंडळाच्या पावतीवर यातलं एकही कलम लिहिलेलं नसतं. म्हणून एकाच दिवसाचा, एरंडोल ते पारोळा या टप्प्याचा हिशेब मांडतो. तो कळला की पुढचे सात दिवस तुम्हीच मांडाल.

आधी अंतर. एरंडोलहून पारोळा साधारण २५ किलोमीटर, तिथून धुळे ३५, धुळ्याहून मालेगाव ५०. पुढे देवळा, कळवण, नांदुरी आणि शेवटी नांदुरीपासून गडापर्यंत १० किलोमीटरचा घाट. एकूण दोनशेच्या आसपास. रोज २५ ते ३० किलोमीटर धरले तर आठ दिवस. पाच दिवसांत पोहोचवतो म्हणणारे जथे आहेत. पहिल्यांदा जात असाल तर त्यांच्या नादी लागू नका.

कधी निघायचं, हे पौर्णिमेवरून मागे मोजा. गडावरचा चैत्रोत्सव रामनवमीपासून चैत्र पौर्णिमेपर्यंत असतो. ही पौर्णिमा २०२५ मध्ये १२ एप्रिलला आली, २०२६ मध्ये २ एप्रिलला. अधिक मास येऊन गेला की ती आणखी पुढे, एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत सरकते. खान्देशात हा फरक साधा नाही. मार्चअखेर सकाळी दहापर्यंत चालता येतं. एप्रिलच्या मध्यात नऊलाच थांबावं लागतं. थांबे वाढले की मुक्काम वाढतो आणि मुक्काम वाढला की खर्च. तेव्हा कॅलेंडर बघूनच रजा टाका.

मुंबई-पुण्याहून येऊन जथ्यात सामील होणार असाल तर जळगावला उतरा आणि एस.टी.ने एरंडोल गाठा, अंतर तीसेक किलोमीटर. सुरत-उधन्याहून येणाऱ्यांना धरणगाव स्टेशन जवळ पडतं. आदल्या संध्याकाळीच पोहोचा. जथा पहाटे चारला हलतो, तो कुणासाठी थांबत नाही.

कागद कोणते

तुमच्यापुरतं मूळ आधार कार्ड पुरे. झेरॉक्स नको, मूळच ठेवा, कारण परतीच्या एस.टी.त वयाची सवलत मागताना वाहक तेच बघतो. सोबत एका चिठ्ठीवर नाव, घरच्यांचे दोन नंबर, रक्तगट आणि चालू असलेल्या गोळ्यांची नावं लिहून खिशात ठेवा. मोबाइलमध्ये आहे म्हणू नका. तुम्हाला चक्कर आली तर तुमचा मोबाइल उघडणार कोण?

जथा तुम्हीच नेत असाल तर काम वाढतं. एरंडोल पोलीस ठाण्यात अर्ज द्या: किती माणसं, कोणता मार्ग, कोणत्या तारखेला कुठे मुक्काम, सोबत कोणती वाहनं, जबाबदार दोघांचे नंबर. अर्ज दोन प्रतींत द्या आणि एकीवर पोच घ्या. अशी माहिती देण्याला पैसे लागत नाहीत. कुणी ‘साहेबांचं बघतो’ म्हणाला तर त्याचं काहीही बघू नका. भोंगा लावणार असाल तर त्याची परवानगी वेगळी. रात्री दहा ते सकाळी सहा तो बंदच ठेवावा लागतो, म्हणजे पहाटे चारला वाजतगाजत निघायचं नाही. टाळ-ढोलकीवर भागवा.

एक कागद बहुतेक जण विसरतात. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत वर्षाला २० रुपये भरून अपघाती मृत्यूला २ लाखांचं संरक्षण मिळतं. वय १८ ते ७०, बँकेत खातं हवं. हे वर्ष १ जून ते ३१ मे असं मोजतात आणि पैसे मेअखेर खात्यातून आपोआप कापले जातात. त्या दिवशी खात्यात शिल्लक नसेल तर विमा बंद पडतो आणि तुम्हाला पत्ताही लागत नाही. निघण्यापूर्वी पासबुक भरून घ्या आणि ती नोंद बोट ठेवून शोधा.

गाडी: खरा खर्च इथे

पंचवीस माणसांचे बिछाने, भांडी, शिधा आणि पाण्याचे जार न्यायला एक छोटा हत्ती किंवा पिकअप लागतो. भाडं ठरवताना ‘दिवसाचे दोन हजार’ एवढ्यावर हात मिळवू नका. पाच गोष्टी विचारा आणि चारचौघांत वदवून घ्या. डिझेल भाड्यात की वेगळं? चालकाचं जेवण आणि रात्रीचा भत्ता कोणाकडे? टोल कोण भरणार? गाडी बिघडली तर दुसरी कोण आणणार? आणि परतीचं काय?

हे शेवटचं कलम सगळ्यांत महाग. गडावर पोहोचल्यावर तुम्ही एस.टी.त बसता, गाडी रिकामी एरंडोलला येते, आणि दोन दिवसांनी मालक दारात उभा राहतो: ‘रिकामी गाडी वापस लयनी पडी ना भाऊ!’ त्याचंही खोटं नाही, दोनशे किलोमीटरचं डिझेल जळलेलं असतं. पण ते आधी ठरलेलं हवं. ‘जाऊन-येऊन, डिझेलसकट’ असा एकच आकडा ठरवा, तिसरा हिस्सा आगाऊ द्या, बाकीचे परत आल्यावर.

टोल: पारोळा तालुक्यात सबगव्हाणचा नाका आहे आणि धुळ्याच्या पुढे लळिंगचा. गाडीला फास्टॅग नसेल तर जास्त पैसे जातात. नोव्हेंबर २०२५ मध्ये आलेल्या नियमाने रोखीत दुप्पट, यूपीआयने सव्वापट. मालक ‘माझ्याकडे वर्षाचा पास आहे’ म्हणाला तर हसून सोडा. तो पास खासगी कार-जीपला मिळतो, मालवाहू टेम्पोला मिळत नाही.

आता जरा कडू बोलतो. पाय दुखले की बायाबापड्यांना टेम्पोत मागे बसवतात. ट्रॅक्टर असेल तर ट्रॉलीत. मालवाहू गाडीत माणसं बसवणं बेकायदा आहे. अपघात झाला तर विमा कंपनी पहिला प्रश्न तोच विचारते आणि हात वर करते. मग भरपाईची वसुली गाडीमालकावर येते, आणि त्याच्याकडे असतं काय, तर तो टेम्पो. देवीच्या वाटेवर काही होत नाही, असं म्हणणाऱ्याचं ऐकू नका. ज्यांना चालवत नाही त्यांच्यासाठी महामार्गावर एस.टी. आहे. महिलांना १७ मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट, ६५ ते ७५ वयाला अर्धं, ७५ च्या पुढे फुकट. एरंडोल-पारोळा हे एस.टी.च्या सहा-सहा किलोमीटरच्या हिशेबात चार-पाच टप्पे होतात. पूर्ण तिकीट साधारण पन्नास रुपये, बाईमाणसाला पंचवीस-तीस. त्यासाठी ट्रॉलीत जीव टांगू नका.

दिवसाचं वेळापत्रक

पहाटे चारला एरंडोल सोडायचं. चालण्याचा वेग जथ्यात ताशी चार किलोमीटर धरा. एकटे तुम्ही पाचने जाल, पण जथा मागच्या माणसाच्या पायाने चालतो. सहाला चहा, साडेसातला नाश्ता. साडेनऊ-दहापर्यंत सोळा-सतरा किलोमीटर मागे पडायला हवेत. मग सावली शोधून मुक्काम टाकायचा तो चारपर्यंत. चार ते साडेसहा उरलेले आठ-नऊ किलोमीटर, दिवेलागणीला पारोळा.

सावली शोधायची, असं सहज लिहिलं खरं. महामार्गाच्या तरसोद ते फागणे या चौपदरीकरणात रस्ता रुंद झाला आणि कडेची जुनी झाडं गेली. चैत्रात शिवारही उघडं असतं. गहू निघालेला, परहाटी उपटलेली, ढेकळं तापलेली. हिरवं काही दिसलं तर विहीरवाल्याचा मका, उन्हाळी बाजरी किंवा केळीचा तुकडा. म्हणून दुपारचा थांबा नशिबावर सोडू नका. आदल्या आठवड्यात मोटारसायकलवर फेरी मारून जागा ठरवा: एखाद्या मळ्यातला निंब, गावातलं मंदिर, शाळेची पडवी. शेतमालकाला विचारा, नंबर घ्या. खान्देशात पदयात्रीला कुणी नाही म्हणत नाही. पण विचारून गेलेल्या पंचवीस माणसांत आणि न विचारता बांधावर बसलेल्या पंचवीस माणसांत फरक असतो.

थांबा ठरवताना एक गोष्ट हमखास विचारा: ‘तुमच्याकडे लाइट कोणत्या पाळीची?’ शेतीपंपाला वीज ठरावीक तासच असते. दिवसाची पाळी असेल तर मोटर चालते, आंघोळ होते, जार भरतात. रात्रपाळी असेल तर दुपारभर विहिरीच्या काठावर बसून पाण्याकडे नुसतं बघायचं. आणि वीज नाही म्हणून कुणी विहिरीत उतरायला निघाला तर त्याचा हात धरा.

ठिबकच्या नळीला तोंड लावू नका. पाणी स्वच्छ दिसतं, थंड लागतं, पण त्याच नळीतून युरिया, विद्राव्य खतं आणि कधी कीटकनाशकंही सोडतात. कॉक फिरवून बाटली भरणारे मी पाहिलेत. पाणी हवं तर मोटरीच्या तोंडाशी घ्या, तेही खताची टाकी जोडलेली नाही हे बघून.

जवळच्या वाटा

‘मधून शिवरस्त्याने गेलो तर तीन किलोमीटर वाचतात,’ असं सांगणारा प्रत्येक जथ्यात एक असतो. दिवसा, मोजकी माणसं, वाट माहीत असलेला गावकरी सोबत, असं असेल तर खुशाल जा. गाडवाटेवर धूळ मऊ असते, डांबरापेक्षा पाय कमी तापतात, ट्रकचा वारा अंगावर येत नाही. चालण्याचं सुख म्हणाल तर ते तिथेच आहे. पण पहाटेच्या अंधारात नको. विहिरींना कठडे नसतात, रानडुकरांसाठी कुंपणात वीज सोडलेली असू शकते, मळ्यातली कुत्री मोकळी असतात. शिवाय टेम्पो महामार्गाने पुढे गेला की पाणी आणि औषध दोन्ही तुमच्यापासून तुटतं. वाटेच्या कडेला सराटे आणि बाभळीचे काटे. बाभळीचा काटा स्लीपरचा तळ सहज पार करतो. नवसाने अनवाणी निघालेल्यांनी तर डांबर तापायच्या आत, सकाळी नऊपर्यंतच चालायचं ठरवावं. देवीला पायाचे फोड नको असतात. धनुर्वाताचं इंजेक्शन निघण्यापूर्वी घ्या. प्राथमिक आरोग्य केंद्रात ते मोफत मिळतं.

महामार्गावर जिथे सर्व्हिस रोड आहे तिथे तोच धरा. जिथे नाही तिथे समोरून येणारी वाहनं दिसतील अशा बाजूने, पांढऱ्या पट्टीच्या बाहेर, एकामागे एक. रेडियमच्या पट्टीचं जाकीट ८० ते १०० रुपयांना मिळतं. सगळ्यांना नाही घेतलं तरी पहिल्या दोघांना आणि शेवटच्या दोघांना घ्याच. टेम्पो जथ्याच्या पुढे नको, मागे हवा, इंडिकेटर लावून.

पोटाचं

सकाळी पोहे किंवा मसाले खिचडी, दुपारी खिचडी-कढी किंवा भाजी-पोळी. वाटेत कुणी भंडारा लावला तर वरण-बट्टी आणि घोटलेली वांग्याची भाजी मिळते आणि कुणाचाच हात आवरत नाही. पण तुपात बुडवलेल्या चार बट्ट्या दुपारी बाराला खाऊन चारला चालायला उठून बघा. बट्टी संध्याकाळच्या मुक्कामाला ठेवा. दुपारी वाढली तर एकीवर थांबा.

स्वतः शिजवलं तर दोन वेळचं जेवण माणशी १२० रुपयांत बसतं, आचारी तुमच्यातलाच असेल तर. ढाब्यावर शेवभाजीची थाळी १२० ते १५०. ढाबेवाल्याला पंचवीस माणसं आधी सांगितली तर तो दर पाडतो. अचानक गेलात तर भाकरीसाठी तासभर थांबवतो आणि दर तोच लावतो.

पाणी माणशी दिवसाला सहा लिटर धरा, पंचवीस जणांना दीडशे लिटर. वीस लिटरचा जार २० ते ४० रुपयांना पडतो. आठ जार, म्हणजे फार तर तीनशे वीस रुपये. बाटल्या घेत बसलात तर प्रत्येकाचे साठ-ऐंशी गेले. टपरीवर छापील किमतीपेक्षा जास्त मागितले, ‘गार करण्याचे दोन रुपये’ म्हणाला, तर देऊ नका. ते बेकायदा आहे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५, नुसता उच्चारला तरी पुष्कळदा काम होतं. उसाच्या रसात आणि सरबतात बर्फ टाकताना बघा. खाण्याचा नसलेला बर्फ निळसर रंगाचा करावा असा २०१८ पासूनचा नियम आहे, म्हणजे निळसर लादी दिसली तर उठा. पांढरा असेल तर तो चांगलाच असेल असंही नाही. मी रस बिनबर्फाचा घेतो.

ओआरएसच्या पुड्या सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात. औषधाच्या दुकानात एक लिटरची पुडी वीस-पंचवीस रुपयांना. पुडीवर जागतिक आरोग्य संघटनेचं सूत्र असल्याचं लिहिलेलं असतं, ते वाचून घ्या. फळांच्या चवीचं खोक्यातलं गोड पेय हे ओआरएस नव्हे. २०२५ च्या ऑक्टोबरात अन्नसुरक्षा प्राधिकरणाने अशा पेयांवर ते नाव वापरायला बंदी केली, तरी जुना माल आणि जुनी सवय बाजारात राहते.

बायकांच्या अडचणीबद्दल पुरुष संयोजक बोलत नाहीत, म्हणून लिहितो. चैत्रात शेतं उघडी असतात, आडोसा नसतो. त्यामुळे बायका पाणीच कमी पितात आणि उन्हाचा पहिला फटका त्यांना बसतो. महामार्गावरच्या पेट्रोल पंपांवर शौचालय, पिण्याचं पाणी आणि हवा मोफत द्यावी लागते. किल्ली हरवली, नळाला पाणी नाही, अशी उत्तरं मिळतात. तक्रार वही मागा, किल्ली सापडते. मार्ग ठरवताना पंप कुठे कुठे आहेत ते आधी लिहून घ्या आणि चहाचे थांबे त्यांच्या जवळच ठेवा. याला एक रुपया लागत नाही.

पाय

नवे बूट घालून निघू नका. हजार-बाराशेचे साधे खेळाचे बूट, निदान महिनाभर वापरलेले आणि अर्ध्या नंबराने मोठे, कारण दुपारपर्यंत पाय फुगतात. सुती मोज्यांच्या तीन जोड्या. सकाळी बोटांच्या बेचक्यांत आणि मांड्यांच्या आत व्हॅसलीन. दर थांब्यावर बूट-मोजे काढा, पाय वाळवा, ओला मोजा पिशवीला अडकवा, कोरडा घाला. यात पाच मिनिटं जातात. जे हे करत नाहीत त्यांचा तिसरा दिवस टेम्पोवाल्याला विनवण्यात जातो.

टाचेला चुरचुरलं की तिथल्या तिथे थांबा आणि कापडी चिकटपट्टी लावा, फोड येण्याआधी. फोड आलाच तर वरची कातडी ओढून काढू नका; खालचं मांस उघडं पडतं, त्यात धूळ जाते, आणि मग ड्रेसिंग, गोळ्या, परतीचं तिकीट. मधुमेह असेल तर फोड घरगुती उपायांवर सोडू नका, त्याच दिवशी दाखवा. शेकडा नव्वद पदयात्री अर्ध्या वाटेत पायामुळेच रडकुंडीला येतात, असं मी म्हणणार नाही, मोजलेलं नाही. पण मुक्कामावर रात्री जी रांग लागते ती जेवणाच्या आधी मलमासाठी लागते.

सराव करायचा तर एरंडोलजवळच पद्मालय आहे, एका बाजूने साधारण दहा किलोमीटर. सकाळी जा, गणपतीचं दर्शन घ्या, तासभर बसा, चालतच परत या. वीस किलोमीटर झाले. तेच बूट, तेच मोजे, तीच पिशवी घ्या. चतुर्थीचा दिवस टाळा, गर्दीत चालण्याचा अंदाज येत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी जिना उतरताना काय होतं, त्यावरून पारोळ्याच्या पुढे जायचं की नाही ते ठरवा.

तब्येत बिघडली तर १०८ ची रुग्णवाहिका मोफत. राष्ट्रीय महामार्गाची मदत १०३३ वर, पोलीस ११२ वर. एरंडोलला ग्रामीण रुग्णालय आहे, पारोळ्याला कुटीर रुग्णालय. राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून केसपेपरसकट उपचार मोफत आहेत. धुळ्याचं भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय त्यात येत नाही, तिथे नाममात्र शुल्क पडतं. वाहनाने धडक दिली तर २०२५ च्या केंद्राच्या योजनेत नोंदणीकृत रुग्णालयात सात दिवसांपर्यंत दीड लाखाचे उपचार रोख न भरता व्हायला हवेत. धडक देऊन गाडी पळाली तर मृत्यूसाठी २ लाख आणि गंभीर दुखापतीसाठी ५० हजारांची सरकारी भरपाई आहे. दोन्हींसाठी पोलिसांत नोंद हवी. ‘यात्रेत कशाला लफडं’ म्हणून ती टाळू नका.

मुक्काम आणि बेरीज

पारोळ्यात शाळा मिळाली तर उत्तम. मुख्याध्यापकांना पत्र द्या, निघताना झाडून द्या, शिपायाच्या हातावर स्वच्छतेचे चार-पाचशे ठेवा. मंगल कार्यालयाच्या भरवशावर राहू नका: पाडव्यानंतर लग्नतिथी सुरू होतात, आणि तीन हजारांत ठरलेला हॉल लग्नाचं गिऱ्हाईक आलं की ‘विसरला’ जातो. आगाऊ देऊन पावती घ्या, पावतीवर तारीख घाला. वीज, पाण्याचा टँकर आणि सफाई भाड्यात आहे का तेही विचारा. लॉजची खोली पाचशे ते हजार. दोघांत परवडते, पंचवीस जणांत नाही.

आता बेरीज. पंचवीस माणसं, एक दिवस, माणशी रुपये. गाडी ८०, चालकाचा भत्ता १६, पाणी १०, घरचा चहा १०, नाश्ता २०, दोन जेवणं १२०, शाळेतला मुक्काम २०, औषधपाणी २०. झाले २९६. हाच दिवस बाटलीचं पाणी, टपरीचा चहा, ढाबा आणि भाड्याचा हॉल असा काढला तर: ८०, १६, ६०, ३०, ३०, २८०, १२०, २०. झाले ६३६. म्हणजे दिवसाला तीनशे ते साडेसहाशे, आठ दिवसांचे चोवीसशे ते एकावन्नशे. गाडीचं रिकामं परतणं यात धरलेलं नाही. ते एकदाच पडतं, माणशी शंभर-सव्वाशे वेगळे ठेवा. गावागणिक भाव थोडे इकडेतिकडे होतील. जथा पंधराचाच असेल तर गाडीचे ८० चे १३३ होतात, हे लक्षात ठेवा. एकटं जाणं सगळ्यांत स्वस्त वाटतं, पण ते ढाब्यावरच्या जेवणाने आणि लॉजने महाग पडतं.

मंडळ पाचशे-सातशेत आठ दिवस नेतो म्हणत असेल तर बाकीचे कुणी तरी देणगीदार भरतो आहे. ते चांगलंच, फक्त तो कोण आणि कशासाठी, हे विचारा. निवडणुकीच्या वर्षात टी-शर्ट फुकट मिळतात, पावती मिळत नाही. मंडळ सहा हजारांच्या वर मागत असेल तर वरचा हिशेब त्यांच्यासमोर ठेवा. पैसे देताना पावती घ्या, तिच्यावर ‘परतीचा प्रवास समाविष्ट’ किंवा ‘समाविष्ट नाही’ हे शब्द लिहवून घ्या.

गडावरचं थोडक्यात. चैत्रोत्सवात खासगी वाहनं नांदुरीला अडवतात आणि वर एस.टी. सोडतात, त्यामुळे तुमचा टेम्पो वर येणार नाही. अंगावरची पिशवी तेवढी घ्या. वर गावातून मंदिरापर्यंत पाचशेच्या वर पायऱ्या, किंवा २०१८ ला सुरू झालेली फ्युनिक्युलर ट्रॉली. ट्रॉलीला तिकीट आणि पौर्णिमेला तिकिटापेक्षा मोठी रांग. रांगेतलं दर्शन मोफत आहे. ‘लवकर सोडतो’ म्हणून पैसे मागणारा भेटला तर पावतीशिवाय काही देऊ नका.

परत येताना साध्या एस.टी.चं एरंडोलपर्यंतचं भाडं साडेतीनशेच्या आसपास, सवलतवाल्यांना त्याच्या निम्मं. सुरतेला परतणाऱ्यांनी लक्षात घ्यावं, ही सवलत राज्याच्या हद्दीपर्यंतच. जथा चाळीसच्या वर असेल तर आगारात महिनाभर आधी जाऊन प्रासंगिक करारावर बस मागा. किलोमीटरवर हिशेब होतो, अनामत भरावी लागते, पण पौर्णिमेच्या दुपारी नांदुरीच्या रांगेत उभं राहावं लागत नाही.

टेम्पो शेवटच्या जेवणानंतर लगेच परत पाठवा, एका दिवसाचं भाडं वाचतं. मात्र त्याआधी भांडी मोजा. कढई, पातेली, झारे भाड्याने आणलेले असतात. अनामत दुकानदाराकडे असते, आणि एक झारा कमी भरला तरी तो नव्या झाऱ्याची किंमत कापून घेतो.